पुसलेली फीत

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यांत काय आहे, असें कोणी विचारलें म्हणजे 'अण्णांचे आवाज' असें उत्तर देण्याचा आमच्या घरीं प्रघात पडला आहे. अण्णा म्हणजे आमचे वडील. वस्तुतः त्यांचा स्वतःचा आवाज त्या पेटींत जवळजवळ नाहींच. जे आहेत ते त्यांनीं सतरा-अठरा वर्षें नभोवाणीच्या यंत्रापुढें दुसरें यंत्र ठेवून टिपून घेतलेले परक्यांचे आवाज. शनिवारच्या रात्रींचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, नाट्यपदें, कीर्तनें, एका प्राध्यापकांचीं ज्ञानेश्वरीवरील व्याख्यानें, आणि, हें कसें आलें कोण जाणे, कांद्यावर पडणाऱ्या करपा रोगाविषयीं शेतकरीबंधूंना केलेला पंधरा मिनिटांचा उपदेश. अण्णा कचेरींत कारकून होते. आमच्या सात पिढ्यांत कोणी कांदा लावला नव्हता. परंतु 'तें तरी पुसून टाका' असें कोणी सुचविलें, तर ते म्हणत, "असूं दे. बोलणाऱ्यानें मन लावून सांगितलं आहे."

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्हीं ती पेटी खालीं काढली, तेव्हां कित्येक कॅसेटींच्या खिडकीआड पिठासारखी पांढरी बुरशी दिसली. फीत म्हणजे शेवटीं काय? प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर चुंबकीय लोहाची बारीक भुकटी, आणि ती भुकटी पट्टीला धरून ठेवणारा एक प्रकारचा डिंक. हवेंतील ओल कांहीं डिंकांना मानवत नाहीं. ते चिकट होतात, आणि फीत यंत्रावर चढविली कीं आवाजासकट भुकटी खरवडून निघते. मोठ्या रिळांना हा रोग जडला म्हणजे जाणते लोक तीं पन्नासएक अंश उष्णतेंत कांहीं तास शेकतात, आणि त्या शेकानें आलेल्या तात्पुरत्या बळावर वाजवून तिचा आवाज दुसरीकडे उतरून घेतात. कॅसेटींचें दुखणें निराळें. त्यांच्या तोंडाशीं असलेली नमद्याची इवलीशी गादी गळून पडते, किंवा फीत यंत्राच्या पोटांत जाऊन तिचा गुंता होतो. आमच्या लहानपणीं या रोगावरचा सगळा वैद्यक-ग्रंथ एका पेन्सिलींत सामावलेला होता. ती चक्राच्या भोकांत घालून फिरविली कीं रोगी बरा!

ही पेटी घेऊन आम्ही ज्या तरुणाकडे गेलों, त्याचें पेठेंत छोटेंसें दुकान आहे. जुन्या फितींवरील आवाज संगणकांत उतरवून देण्याचा त्याचा धंदा. लग्नाच्या चित्रफिती हा त्याच्या पोटाचा भाग. जुनें प्रक्षेपण हा त्याचा छंद. त्याच्या दुकानांत बसून आम्हीं जे आठ-दहा दिवस काढले, त्यांत एक विचार आमच्या मनांत पुनःपुन्हां घोळत राहिला. कोणता आवाज उरतो आणि कोणता जातो, हें ठरवितें कोण?

मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. तें चालविणारी खासगी कंपनी तीन वर्षांतच बुडाली, आणि तें काम सरकारनें आपल्याकडे घेतलें. त्या काळीं जें गायिलें-बोललें जाई, तें बहुधा त्याच क्षणीं हवेंत सोडलें जाई. ऐकणाऱ्याच्या कानांपलीकडे त्याला दुसरें घर नव्हतें. अशा स्थितींत टिकून राहण्याच्या कांहीं तऱ्हा मोठ्या चमत्कारिक आहेत. १९४२ च्या आंदोलनांत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईंत जागा बदलीत बदलीत ४२.३४ मीटरवर गुप्तपणें काँग्रेस रेडिओ चालवीत होते. २७ ऑगस्टला त्याचा आरंभ झाला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडली. चालविणाऱ्यांना आपल्या भाषणांचें दप्तर जपून ठेवण्याची सोय कोठून असणार? पण सरकारचीं माणसें रोज कान लावून बसत आणि ऐकलेलें उतरून घेत. उषा ठक्कर यांनीं २०२१ सालीं या रेडिओवर जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत तीं भाषणें वाचतां येतात. सर्वांत एकनिष्ठ श्रोता शत्रूच निघाला! त्यानंतर बरोबर पांच वर्षांनीं, म्हणजे १२ नोव्हेंबर १९४७ रोजीं, गांधीजी दिल्लीच्या नभोवाणी-भवनांत गेले आणि कुरुक्षेत्राच्या छावणींतील निर्वासितांशीं बोलले. त्या भवनांत त्यांचें जाणें तेवढें एकदांच झालें. तें भाषण मात्र जपलें गेलें.

थोरांचीं भाषणें, शपथविधि, शोकप्रसंग हें सारें कोठें ना कोठें राहतें, कारण राखणाऱ्याला त्याचें मोल त्याच दिवशीं कळलेलें असतें. जातें तें रोजचें. बाजारभाव सांगणारा आवाज, कामगारांसाठीं सायंकाळीं होणारे संवाद, दुपारीं स्त्रियांसाठीं वाचलेली पाककृति यांना 'दुर्मिळ' कोण म्हणणार? तीं रोज होत होतीं, हाच त्यांचा अपराध. एखाद्या गाजलेल्या कार्यक्रमाचीही गंमत पाहा. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणें केंद्रावरून माडगूळकर आणि सुधीर फडके यांचें 'गीत रामायण' झालें. त्याचीं ५६ गीतें महाराष्ट्राला पाठ आहेत. पण तीं पाठ आहेत तीं बहुशः एकट्या फडक्यांच्या गळ्यांतून. मूळ कार्यक्रमांत पात्रागणिक निरनिराळे गायक होते, माणिक वर्मांसारखा गळा त्यांत होता, हें आजच्या मुलांना मुद्दाम सांगावें लागतें.

हा दोष आपलाच आहे असें मानून कोणी कपाळाला हात लावून घेऊं नये. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनसारख्या संपन्न संस्थेनें साठांच्या दशकांतील आपले कितीतरी कार्यक्रम स्वतःच्या हातांनीं पुसले, कारण चित्रफीत महाग होती आणि एकदां पाहिलेलें पुन्हां कोणी पाहील असें वाटत नव्हतें. १९६३ सालीं सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या लोकप्रिय मालिकेचे नऊ हरवलेले भाग २०१३ सालीं नायजेरियांत सांपडल्याचें जाहीर झालें, तेव्हां केवढा आनंद झाला! आणि तरीही ९७ भाग गहाळच होते. परंतु त्या गहाळ भागांचा निदान आवाज तरी शिल्लक आहे. कां, तर इंग्लंडांतील शाळकरी पोरांनीं दूरदर्शन-यंत्रापुढें मायक्रोफोन धरून तो आपापल्या घरीं टिपला होता. आणि १९६९ सालीं चंद्रावर मनुष्यानें पाऊल ठेवलें तेव्हांच्या मूळ फिती? त्या पुसून त्यांवर पुन्हां मुद्रण केलें गेलें, असें अमेरिकेच्या अंतराळ-संस्थेनें २००९ सालीं कबूल केलें. अण्णांनीं करपा रोग राखला तो कांहीं वेडेपणा नव्हता, असें आम्हांला अलीकडे वाटूं लागलें आहे.

मात्र राखणाऱ्यांचीही एक जात आहे, जिच्याविषयीं आम्हांला फारसें प्रेम वाटत नाहीं. एखाद्या गवयाची मैफल आपल्यापाशींच आहे, या जाणिवेनेंच त्यांना निम्मा आनंद होतो; दुसऱ्याला ते ती ऐकवितात तीं दोन मिनिटें, चमचाभर तीर्थ द्यावें तशी. पुढें ते वारतात, आणि घर रंगवितांना मुलगा तीं रिळें रद्दींत घालतो. फिलाडेल्फियांत मेरियन स्टोक्स नांवाची एक बाई होती. पूर्वीं ती ग्रंथालयांत काम करी. तीस वर्षांहून अधिक काळ घरांतील अनेक यंत्रांवर तिनें अहोरात्र दूरदर्शनच्या बातम्या टिपल्या. २०१२ सालीं ती वारली तेव्हां सुमारे ७०,००० फिती मागें राहिल्या. घरच्यांना त्या ध्यासाचा जाच किती झाला असेल, याची कल्पनाही करवत नाहीं; परंतु तो सारा संग्रह पुढें एका सार्वजनिक संग्रहालयाच्या हवालीं झाला. विक्षिप्तपणाच करावयाचा तर तो असा करावा.

येथवर आम्ही इतरांच्या चुकांविषयीं लिहीत आलों. आतां आमची.

१९७८ सालीं आमच्या आत्याला एका नभोवाणी-केंद्रावर स्त्रियांच्या कार्यक्रमासाठीं बोलावणें आलें. आत्या अण्णांची थोरली बहीण. वाईजवळच्या एका खेड्यांत तिचा संसार झालेला. जात्यावरच्या ओव्या तिला किती येत होत्या याची मोजदाद कोणी केली नव्हती. पुढें हेमा राईरकर आणि गी पॉइट्विन यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. तेवढें आयुष्य आत्याला मिळालें नाहीं. १९८१ सालीं ती गेली. केंद्रावर तिनें पंधरा मिनिटें ओव्या गायिल्या, मध्यें मध्यें जुन्या चालीरीति सांगितल्या, आणि त्या ज्या दिवशीं प्रक्षेपित झाल्या त्या दिवशीं अण्णांनीं त्या टिपून ठेवल्या. कॅसेटीवर त्यांनीं लिहिलें : 'ताई. नभोवाणी. पुसूं नये.' एवढ्यावर न थांबतां कॅसेटीच्या पाठीवरचा तो प्लास्टिकचा बारका दांता त्यांनीं मोडून टाकला. तो मोडला म्हणजे तीवर पुन्हां मुद्रण होत नाहीं, हें त्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल.

२९ ऑक्टोबर १९८३, शनिवार. दिल्लीच्या कसोटी सामन्यांत गावसकर वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांना झोडपून काढीत होते, आणि २९ वें शतक झालें तर ब्रॅडमनशीं बरोबरी होणार होती. आम्ही बारा वर्षांचे. अण्णा घरीं नव्हते. कोरी कॅसेट नव्हती. यंत्राशेजारीं जी हाताला आली ती आम्हीं घेतली. मुद्रणाचें बटण खालीं जाईना. दांता मोडलेला असला तर त्या भोकावर चिकटपट्टी लावावी, ही विद्या आम्ही शाळेंत एका सोबत्याकडून शिकलों होतों. आम्हीं ती लावली. कॅसेटीवर काय लिहिलें होतें तें आम्हीं वाचलें नव्हतें, असें आजवर आम्ही घरीं सांगत आलों. आम्हीं तें वाचलें होतें. आत्याच्या ओव्या दुसरीकडे कोठें तरी असतीलच, केंद्रावर तर असतीलच, असें त्या क्षणीं आम्हीं मनाशीं म्हटलें होतें. शतक झालें, आम्ही नाचलों, आणि यंत्र बंद केलें.

अण्णांना तें दोन दिवसांनीं कळलें. ते रागावले नाहींत. त्यांनीं चिकटपट्टी नखानें सोलून काढली, पट्टी घेऊन 'ताई. नभोवाणी.' या दोन शब्दांवर सरळ रेघ ओढली, आणि त्यांच्या वर बारीक अक्षरांत लिहिलें : 'गावसकर, २९ वें शतक, दिल्ली.' खालचें 'पुसूं नये' त्यांनीं तसेंच ठेवलें. पुढच्या आठवड्यांत त्यांनीं केंद्रावर चौकशी केली. तेथील गृहस्थ सौजन्यानें बोलले. रोजच्या कार्यक्रमांच्या फिती ठराविक दिवसांनीं पुन्हां वापरल्या जातात, असें त्यांनीं समजावून सांगितलें. अण्णांनीं आम्हांला तें जेवतांना सांगितलें, आणि मग ताक मागितलें. या विषयावर ते पुन्हां कधीं बोलले नाहींत.

चाळीस वर्षें त्या कॅसेटीला आम्हीं हात लावला नव्हता. दुकानांतील तरुणानें ती उचलली आणि वरचें अक्षर वाचून त्याचे डोळे लकाकले. "हें समालोचन तुमच्याकडे आहे? संपूर्ण? काका, हें सांपडत नाहीं हो!" पोरानें केलेली चोरी दुर्मिळ वस्तु होऊन बसली होती. त्यानें ती वाजविली. समालोचकाचा चढत जाणारा आवाज, दिल्लीच्या प्रेक्षकांचा गदारोळ, आणि त्या सर्वांवर ताण करणारी आमची स्वतःची, फुटूं लागलेल्या कंठांतली आरोळी. कारण अण्णांसारखेंच आम्हींही यंत्रापुढें यंत्र ठेवलें होतें. मग खट्‌ असा आवाज झाला. आम्ही उठूं लागलों. त्या तरुणाची शिस्त मात्र अशी, कीं फीत संपेपर्यंत यंत्र थांबवावयाचें नाहीं.

त्या खटक्यानंतर ओवीच्या मध्यावरच आत्या सुरू झाली.

शतकाला बारा मिनिटें लागलीं होतीं, आणि आत्याचीं पंधरा होतीं. हा साधा हिशेब आम्हीं कधीं केला नव्हता. अण्णांनीं केला होता कीं काय, हें आतां विचारण्यास ते नाहींत. दोन ओव्या पुऱ्या ऐकूं आल्या. आवाज किंचित् घोगरा, पण जात्याच्या फेऱ्याची लय पक्की. मागें आमच्या स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज, रस्त्यावरून गेलेल्या सायकलची घंटा. आणि मग एका लहान मुलाचा आवाज : "आत्या, तूं तर इथं आहेस!" त्यावर अण्णांचें 'शूऽऽ'. कार्यक्रम आधींच मुद्रित केलेला असल्यानें आत्या त्या दिवशीं आमच्याकडेच मुक्कामाला होती, हें आम्ही साफ विसरून गेलों होतों. यंत्रांतली आत्या गात राहिली, आणि खोलींतली आत्या अगदीं जवळून हळूच म्हणाली, "बाळू, इथं माझा श्वास पुरला नाहीं बघ." निवेदिकेनें आभार मानले. फीत संपली.

तरुणानें दुसऱ्यांदा ती वाजविली, पडद्यावरील आवाजाच्या रेघोट्या न्याहाळल्या, आणि मोठ्या उत्साहानें तो म्हणाला, "शेवटचा तुकडा छान साफ होईल, काका. हें मागचं घरांतलं बोलणं आणि भांड्यांचा आवाज काढून टाकूं ना?"

आम्हीं 'नको' म्हटलें, तें इतक्या मोठ्यानें, कीं दुकानांत लग्नाची चित्रफीत घेऊन आलेलीं दोन माणसें वळून आमच्याकडे पाहूं लागलीं.