तिथी पाठ असलेली आत्या

आमच्याकडे आजोबा ‘पोटाच्या दुखण्याने’ गेले आणि काका ‘मूळव्याध चिघळून’. कॅन्सर हा शब्द घरात आला तो बाबांच्या वेळी. ४४व्या वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी आम्हाला जनुकीय समुपदेशनासाठी पाठवलं. सोबत आत्या आली होती. आज मी धडधाकट आहे ते तिच्यामुळे.

आत्याला घराण्यातल्या सगळ्यांच्या श्राद्धतिथी पाठ. श्राद्धाचे स्वयंपाक जन्मभर तिनेच रांधलेले. कुणाच्या पानात अळूवडी हवी, कोण केवढाली पोरं मागे ठेवून गेलं, सगळं जिभेवर. समुपदेशक बाई वंशवेल काढत होत्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्यावर तिरकी रेघ, कॅन्सर झालेला काळा. आजोबा-काकांचे चौकोन भरून झाल्यावर आत्या म्हणाली, “बायकांचं नाही का विचारायचं? माझी आत्या अंगावरून जाऊन जाऊन पन्नाशीच्या आत संपली. चुलतबहिणीची पिशवी काढली, तरी वाचली नाही.” बाई सरसावून बसल्या. आतडं आणि गर्भाशय, दोन्हींचे कॅन्सर एकाच घराण्यात दिसले की लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची शंका घेतात. आमच्या पुरुषांना यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते, तीत चुका राहतात. एमएलएच१, एमएसएच२ अशी जनुकं त्या दुरुस्त करतात. आमच्याकडे एमएसएच२ची एक प्रत जन्मतःच सदोष. दुसरी प्रत काम रेटते. एखाद्या पेशीत तीही बिघडली की चुका साचत जातात. मुलगा असो वा मुलगी, दोष येण्याची शक्यता निम्मी. आतड्याच्या १०० कॅन्सरांमागे साधारण ३च लिंचचे. बाकी बहुतेकांत असा एक ठळक दोष नसतो. पुष्कळसे बारीक जनुकीय फरक धोक्यात थोडी थोडी भर घालतात, शिवाय खाणंपिणं आणि वय असतंच.

बोलणाऱ्या बायकांचं हे ऋण आणखी मागे जातं. १८९५ साली अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला पॉलिन ग्रॉस नावाची शिवणकाम करणारी बाई डॉ. आल्ड्रेड वॉर्थिनना म्हणाली, की आमच्या घरचे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती गेलीही गर्भाशयाच्याच कॅन्सरने. वॉर्थिननी १९१३ साली त्या घराण्याची हकीकत छापली, १९६०च्या दशकात हेन्री लिंच यांनी हाच धागा पुढे नेला, आणि पुढे त्या घराण्यातही एमएसएच२चाच दोष सापडला. तिथेही तोंड उघडलं होतं ते एका बाईनेच.

चाचणीत माझ्यातही दोष निघाला. मग ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, मागे लागली. आदल्या रात्री आतडं साफ करणारं ते खारट औषध ढोसणं हा छळच, पण त्यातल्या एका खेपेस कॅन्सर होण्याआधीच पॉलिप, म्हणजे आतड्यातला कोंब, सापडला आणि तिथल्या तिथे काढला.

आत्यात दोष नाही, म्हणजे तिच्या मुलींनाही नाही. तिचं काम खरं तर तिथेच संपलं होतं. तरी ती बाकीच्यांना चाचणी करा म्हणून सांगत राहिली. त्यावरून काही नातेवाईक तिच्याशी बोलेनासे झाले: पोरींची लग्नं व्हायचीत, घराण्याची अब्रू कशाला चव्हाट्यावर? “सोयरीक मोडली तर दुसरी जमेल,” एवढंच ती म्हणाली. सध्या ती चाचणीसाठी नाशिकच्या पुतणीच्या मागे लागली आहे. पुतणी फोन उचलत नाही. आत्या मग तिच्या नवऱ्याला लावते.