नीरजाचा हुद्दा

मुलांनो, घाटकोपर पूर्वेला नीरजा भनोत चौक आहे. ही नीरजा कोण, ठाऊक आहे?

विमानात कॅप्टनचा हुकूम चालतो. हवाई सुंदरी म्हणजे चहापाणी देणारी, असे आपण समजतो. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीत अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतले. इशारा मिळताच वैमानिक वरच्या झडपेतून निसटले. ते पळाले, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. वैमानिकच नसेल तर विमान उडणार कसे?

आता आत सर्वांत वरिष्ठ कोण? २२ वर्षांची नीरजा! अमेरिकी प्रवासी ओळखू येऊ नयेत म्हणून तिने व सहकाऱ्यांनी त्यांचे पासपोर्ट लपवले. सुमारे १७ तासांनी गोळीबार झाला. तिने दार उघडून प्रवाशांना बाहेर काढले. स्वतः मात्र ती वाचली नाही.