वीस दिवसांची रजा

डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांच्या घरी निकालानंतर कोणती बोलणी होतात, हे आता आपल्या समाजातही पुष्कळांना ठाऊक झाले आहे. शाखा कोणती, कॉलेज कोणते, फी किती, विद्यावेतन किती, बॉण्ड किती वर्षांचा. रजेविषयी मात्र कोणी विचारत नाही. विचारले तर मुलगी कामचुकार आहे की काय, असा समोरच्याचा चेहरा होतो. त्यातून आम्ही दोघे नवरा-बायको शाळामास्तर, सुट्ट्यांच्या बाबतीत आमचा पेशा आधीच बदनाम. त्यामुळे 2024 साली थोरलीच्या पसंतीक्रमाचा फॉर्म भरताना आम्ही रजेचा विषय काढला, तेव्हा पाहुण्यांना हसू आवरेना.

आमचे कारण साधे होते. घरात नव्वदीला टेकलेली दादी आहे. तिनेच थोरलीला लहानाची मोठी केली. आणि आपल्याकडे मय्यत थांबवून ठेवत नाहीत. फजरला डोळे मिटले तर असरपर्यंत माती द्यायची. आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा दुसऱ्या शहरात शस्त्रक्रियेच्या पहिल्या वर्षाला होता. त्याचे अब्बा गेले त्या दिवशी त्याच्या युनिटची इमर्जन्सी होती. त्याच्या जागी उभे राहायला कोणी नव्हते. तो पोचला तो तिसऱ्या दिवशीच्या जियारतीला. त्याची रजा शिल्लक होती, पूर्ण वीसच्या वीस दिवस.

हे वीस दिवस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर नियमावलीतले. वर्षाला किमान 20 दिवस किरकोळ रजा, शिवाय 5 दिवस शैक्षणिक रजा, आणि कामाची निकड नसेल तर आठवड्याला एक सुट्टी. हजेरी मात्र 80 टक्के हवी. हे ‘निकड नसेल तर’ जुनेच आहे. केंद्र सरकारच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेतही ते होते. त्या योजनेत सलग काम साधारणपणे बारा तासांहून जास्त नसावे आणि आठवड्याला 48 तास असावेत, असे लिहिले होते. ऑगस्ट 2024 मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने शिफारस केली, ती आठवड्याला 74 तासांहून जास्त काम नको अशी. म्हणजे बत्तीस वर्षांत कागदावरचा आकडासुद्धा 48 वरून 74 वर गेला. प्रत्यक्ष वॉर्डातले तास याहूनही वेगळे, ते कोणत्याही निवासी डॉक्टरला विचारावेत.

त्याच वर्षी आमचा पुतण्या अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या मुलाखती देत होता. तिकडे रजेविषयी विचारायला कोणी लाजत नाही. मुलाखतीला बोलावलेल्या उमेदवाराला पगार, सुट्ट्या, रजा यांची माहिती दिलीच पाहिजे, असा नियमच आहे. 2003 पासून आठवड्याला सरासरी 80 तासांची मर्यादा आहे. 1 जुलै 2022 पासून आजारपण, बाळंतपण किंवा घरच्यांची शुश्रूषा यासाठी अभ्यासक्रमात एकदा तरी सहा आठवड्यांची पूर्ण पगारी रजा सगळ्यांना द्यावी लागते. पुतण्याने एक तक्ता केला होता. कुठे वर्षाला तीन आठवडे सुट्टी, कुठे चार. कुठे आपण आठवडा निवडायचा, कुठे ते देतील तो घ्यायचा. अतिदक्षता विभागात नेमणूक असेल त्या महिन्यात सुट्टी बहुधा नाहीच. पण त्या तक्त्यातला आम्हाला पटलेला रकाना शेवटचा होता. कोणी अचानक आजारी पडला तर राखीव म्हणून कोण येतो, आणि त्याची ड्युटी नंतर फेडावी लागते का? काही ठिकाणी फेडावी लागत होती. तिथे रजा ही उधारीच, असे तो म्हणाला आणि ती नावे त्याने यादीत खाली टाकली. 21 मार्च 2025 ला, ऐन रमजानात, त्याचा निकाल लागला. मधल्या क्रमांकाचे हॉस्पिटल मिळाले.

थोरलीला असा तक्ता करता येईना, कारण आपल्याकडे कागद सगळीकडे तोच. खासगी हॉस्पिटलातल्या डीएनबीला तेवढी वर्षाला 30 दिवस रजा. दादी बाजूला तसबीह ओढत ऐकत होती. दादा मिरजेला रेल्वेत पॉइंट्समन होते. ती म्हणाली, “तेरे दादा कू भी कागद पे सुट्टी थी. रिलीव्हर आया तो सुट्टी, नै आया तो नै. तेरी जगा पे कौन खडा रहनेवाला, वो पूछ.”

मग फोन सुरू झाले. थोरलीने एका वहीत लिहून घेतले. विभागप्रमुखांना विचारून उपयोग नसतो, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारावे, आणि तेही ड्युटी सुटल्यावर. युनिटमध्ये पहिल्या वर्षाला किती जण आहेत? कोणी सीट सोडून गेले आहे का? रात्रपाळीनंतर दुपारी खरोखर सोडतात का? गेल्या वर्षी कोणाच्या घरी वाईट झाले, तेव्हा त्याच रात्री सोडले का?

स्त्रीरोगाच्या तीन जागा तिच्या रँकला मिळण्यासारख्या होत्या. मुंबईतले कॉलेज नावाजलेले, हाताखालून जाणाऱ्या केसेस भरपूर. पण तिला मिळणार त्या युनिटमध्ये तिघांपैकी एक जण सोडून गेलेला, आणि उरलेल्या दोघी दिवसाआड इमर्जन्सीला. रात्री आठच्या सुमारास महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली तर सकाळी मिरजेत, हे खरे, पण आठला सोडणार कोण? डीएनबीचे तीस दिवस दिसायला सगळ्यांत मोठे. तिथे सगळे मिळून शिकणारे दोनच! तिसरे, जिल्ह्याच्या ठिकाणचे सरकारी कॉलेज. नाव फारसे नाही, अवघड शस्त्रक्रिया कमी, पण पहिल्या वर्षाला पाच जण, आणि बसने पाच तास. तिथल्या एका मुलीने सांगितले, माझे नाना गेले तेव्हा मॅडमनी फक्त हँडओव्हर दिलास का एवढेच विचारले.

तिने ते कॉलेज वर ठेवले. एक ओळखीचे डॉक्टर अजूनही म्हणतात की मुलीचे नुकसान केलेत. काही अंशी ते खरे आहे. मोठ्या हॉस्पिटलात तीन वर्षांत दिसते ते लहान ठिकाणी दिसत नाही.

मुली शिकत असतील तर आणखी एक गोष्ट सासरच्यांना आधीच सांगावी. बाळंतपणाची रजा सरकारी नियमाप्रमाणे मिळते, तो हक्क आहे. पण तेवढे दिवस बहुतेक ठिकाणी पुढे भरून द्यावे लागतात आणि परीक्षा लांबते. लग्नाची बोलणी करताना तीन वर्षे म्हणजे तीनच, असे धरून चालू नये.

ईदचा पेच वेगळा. रजेचा अर्ज आधी द्यायचा आणि चांद तर आदल्या संध्याकाळी दिसायचा. 2025 साली 30 मार्चला रविवारी पाडवा होता. थोरलीने पाडव्याची चोवीस तासांची ड्युटी घेतली, सोबतच्या मुलीला गुढी उभारायला घरी पाठवले. सोमवारी किंवा मंगळवारी, ज्या दिवशी ईद होईल तो दिवस त्या मुलीने घ्यायचा, असे ठरले. रविवारी संध्याकाळी चांद दिसला. सोमवारी सकाळी हँडओव्हर देऊन ती निघाली आणि दुपारी घरी आली. शिरखुर्मा खाताखाताच तिला झोप लागली. दादीने पंखा मोठा करायला सांगितला.

या सगळ्यात रजेचा एक दिवसही खर्च झाला नाही.

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी आता नीट पीजीची तयारी करते आहे. परवा ती वही मागायला आली होती. प्रश्न तेच आहेत, पण वहीतल्या मुली पास होऊन गेल्या. फोन तिला नव्याने करावे लागतील.