पाळककाकांचं देणं

ग्रीक अक्षरं मी वाशिमला शिकलो, असं सांगितलं की लोक चमकून बघतात. शिकवली आमच्या गल्लीतल्या पाळककाकांनी. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला गेली; त्याआधी ती यवतमाळला होती, तेव्हाचे ते विद्यार्थी. माझे बाबा बाजार समितीत हमाल. घरात पुस्तकं दोनच, पंचांग आणि हरिपाठ.

संध्याकाळी काकांच्या ओसरीवर पाटी घेऊन बसायचं. त्यांनी लिहून दिलेला पहिला शब्द होता ‘मकारिऑस’. त्यातला रो दिसायला इंग्रजी ‘पी’सारखा, पण उच्चार ‘र’. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या सिग्माला खाली शेपूट. ते शेपूट काका माझा हात धरून गिरवून घेत.

होमरच्या काव्यात या शब्दाचं मूळ रूप मुख्यतः देवांचं. ज्यांना मरण नाही, त्यांचं. हेसिओडने वीरांची बेटं सांगितली, तीही याच रूपाने. पुढे ‘मकारिऑस’ सुखवस्तू श्रीमंतांना लागला. आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने डोंगरावर बसून दीनांना, शोक करणाऱ्यांना, सौम्य माणसांना तोच शब्द दिला.

एकदा बाबा मार्केटातून तसेच आले, मानेवर सोयाबीनची धूळ. पाटीवर काय आहे, विचारलं. काकांनी अर्थ सांगितला.

“म्हंजे धन्य. कीर्तनात म्हणतात थेच की, साहेब.”

“तेच, भाऊ. देवांच्या डोक्यावरून उतरवून तुमच्या खांद्यावर ठेवलाय.”

बाबा काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मला शिकायला पाठवताना त्यांनी कधी काचकूच केली नाही.

बाबांच्या शेवटच्या आजारात रेनॉल्ड्स मेमोरियलमध्ये रात्री उशाशी काकाच बसत. डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी 1938 साली सुरू केलेला तो मिशनचा दवाखाना. वारकऱ्याच्या उशाशी पाळक हरिपाठ वाचत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या कॉलेजची पहिली फी त्यांनीच भरली. चर्चमध्ये ये, असं एकदाही म्हणाले नाहीत. माझ्यावरच्या सगळ्या उपकारांत मी हे मोठं मानतो.

जाताना त्यांनी मला पंडिता रमाबाईंचं बायबल दिलं. हिब्रू आणि ग्रीकवरून केडगावला थेट मराठीत आणलेलं, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ 1924 साली बाहेर आला. कुठल्या जुन्या ग्रंथालयात दिसला, तर मत्तयाचा पाचवा अध्याय तेवढा काढून वाचा. धर्म कुठलाही असो, मराठी म्हणून वाचा.