जगबुडीचं पाणी आणि तर्कशास्त्र

मागच्या शनिवारी खेडला घरी गेलो होतो. ताम्हिणीतून येताना एसटीने अंग खिळखिळं केलं होतं, त्यामुळे रविवारी निदान नऊपर्यंत लोळायचं असा साधा बेत होता. पण आठलाच पडवीतून आवाज आला, "जगबुडीला पूर आला तर बाजारपेठेत पाणी भरतं. बाजारपेठेत पाणी भरलंय. म्हणून जगबुडीला पूर आलाय. बरोबर की चूक?"

ताडकन उठलो. जुलै २०२१ नंतर आमच्याकडे असली वाक्यं कुणी सहज बोलत नाही. बाहेर येऊन बघतो तर लख्ख ऊन, आणि चुलतबहीण फोन कानाला लावून झोपाळ्यावर!

ती पुण्यात तत्त्वज्ञान घेऊन बीए करते, दुसऱ्या वर्षाला आहे. फोनच्या पलीकडे पहिल्या वर्षाची एक मुलगी. शाळा मराठी माध्यमातली, आणि आता तर्कशास्त्र इंग्रजीतून. प्रश्न विचारून आमच्या बाईसाहेब चक्क गप्प बसल्या. एक मिनिट, दोन मिनिटं.. मला राहवेना.

"अगं सांग ना, गटार तुंबलं तरी पाणी भरतं!"

तिने फोनवर हात ठेवला. "दादा, गप्प बस. तिला सापडू दे."

थोड्या वेळाने तिचा चेहरा खुलला. पलीकडून उत्तर आलं होतं, 'पाइपलाइन फुटली असेल तर?' म्हणजे माझं गटार नाही, तिची स्वतःची पाइपलाइन. आधारविधानं खरी असली तरी निष्कर्ष त्यांतून निघेलच असं नाही, हे तिचं तिलाच कळलं होतं.

चहा पिताना विचारलं, "हे शिकवायला सर आहेत ना? तू कशाला रविवार घालवतेस?"

"सर छानच शिकवतात रे. पण हे आपल्याला कधीकाळी अवघड गेलं होतं, ते त्यांना आता आठवत नाही. मला गेल्या वर्षीचं सगळं आठवतं."

मग तिने जे सांगितलं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती परत न जाण्याच्या विचाराने घरी आली होती. 'युक्त' आणि 'सत्य' यातला फरकच कळत नव्हता, आणि वर्गात विचारायची लाज. (त्याच सुट्टीत मी तिला, "तत्त्वज्ञान करून नोकरी कोण देणार?" असं ऐकवलं होतं. बरोबर मुहूर्त साधला होता!) एका सीनियर मुलीने तिला मेसमध्ये जेवणानंतर रोज अर्धा तास बसवलं. उत्तर कधी दिलं नाही, फक्त म्हणायची, "मीपण इथेच अडकले होते." जे तिलाही यायचं नाही, ते घेऊन दोघी सरांकडे जायच्या.

मला आमच्या टीममधला एक फ्रेशर आठवला. काही वर्षांपूर्वी मी त्याचा 'बडी' होतो. त्याने अडचण सांगायची आणि मी खुर्ची ओढून दोन मिनिटांत कोड दुरुस्त करायचा. स्वतःवर जाम खूश होतो तेव्हा. आठ महिन्यांनी तो सोडून गेला. जाताना म्हणाला, "तुम्ही खूप मदत केलीत, पण मला अजून एकट्याने काही जमत नाही." तेव्हा वाटलं, मुलगाच कच्चा होता. आता तसं वाटत नाही.

१८७९ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात आगरकर एमएचा आणि टिळक कायद्याचा अभ्यास करत होते. दोघं तासन्‌तास वाद घालायचे. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८५ मध्ये फर्ग्युसन. पुढे त्यांचं बिनसलं, ते वेगळं. ही गोष्ट मी मोठ्या थाटात बहिणीला सांगितली. ती म्हणाली, "म्हणून वाद घातला की कॉलेज निघतं असं नाही हं दादा."

असो. सोमवारी टीममधल्या नव्या मुलीने एरर दाखवली. माझा हात सवयीने कीबोर्डकडे गेला, तो मागे घेतला. "तुला काय वाटतं?" म्हटलं आणि गप्प बसलो.

तीन मिनिटं फार मोठी असतात हो.