सव्वीस मिनिटं मागचा सूर्य

सोलापूरचा सूर्य घड्याळाच्या सव्वीस मिनिटं मागे असतो. भारताची प्रमाणवेळ ठरते ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर. सोलापूर आहे जवळपास शहात्तर अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली की हिशेब जुळतो. पाचचा गजर लावून उठणारा सोलापूरकर सूर्याच्या लेखी साडेचारलाच उठलेला असतो, आणि अंगाला ते बरोबर कळतं. मनगटावरचं घड्याळ मिर्झापूरचं, मेंदूतलं सोलापूरचं.

मेंदूतलं घड्याळ हा शब्दालंकार नाही. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. झोप, भूक, अंगातली ऊब, रक्तदाब, यकृताचं काम यांच्या वेळा तिथून ठरतात. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं, ते फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर शोधून काढलं जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तिघांनी. त्याबद्दल त्यांना २०१७चं नोबेल मिळालं. माणसाचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित जास्त वेळ घेतं, म्हणजे रोज थोडं मागे पडतं. ते रोज सकाळी लावावं लागतं, आणि लावणारी किल्ली म्हणजे उजेड. स्वच्छ सकाळी अंगणात दहा हजार लक्स किंवा त्याहून जास्त उजेड असतो. ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे. आपल्याला खोली लख्ख वाटते, त्या वीस हजार पेशींना मात्र ती तिन्हीसांज वाटते.

सकाळी काय करावं, हा प्रश्न पूर्व भागातल्या माझ्या दवाखान्यात रोज येतो. विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये उत्तरांचा ढीग आधीच साठलेला असतो: ब्राह्ममुहूर्त, कोमट पाण्यात लिंबू-मध, दहा हजार पावलं. यातल्या ब्राह्ममुहूर्ताबद्दल मला आदर आहे, पण तो पाळणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्याचं गणित केलेलं असतं. हा मुहूर्त सूर्योदयाच्या शहाण्णव मिनिटं आधी सुरू होतो आणि अठ्ठेचाळीस मिनिटं टिकतो. सोलापुरात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आधी उगवतो, जानेवारीच्या मध्याला सातच्या सुमारास. म्हणजे मुहूर्त उन्हाळ्यात सव्वाचारला आणि थंडीत जवळपास साडेपाचला. तो ऋतूबरोबर तासभर सरकतो. आपला गजर बारा महिने एकाच आकड्यावर. शिवाय आयुर्वेदाचार्य वाग्भटाने हा सल्ला निरोगी माणसाला दिला आहे. रात्री साडेबाराला मोबाइल खाली ठेवणाऱ्याला दिलेला नाही.

दहा हजार पावलांचा उगम तर अधिक गमतीचा. १९६५मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजणारं यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारा’. आकडा जाहिरातीतून आला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जाऊन बसला. आणि लिंबू-मधाच्या पाण्यात गुणाचं आहे ते पाणी. एप्रिलच्या उकाड्यात रात्रभर घामेजलेल्या माणसाने उठल्याबरोबर एक-दोन तांबे प्यावंच. मध म्हणजे अखेर साखर, हे मधुमेह्यांना मात्र दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

या शहराला एकेकाळी नियमित सकाळ फुकट मिळत होती. १८७७मध्ये इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, पुढे लोक तिला ‘जुनी मिल’ म्हणू लागले. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. धुराडी वाढली तसे भोंगेही वाढले. गिरणीत नसणाऱ्यांचाही दिवस भोंग्यावर चाले: चूल पेटायची, पोरं उठायची, दूधवाला निघायचा. त्या जगण्याचे गोडवे मी गाणार नाही. कापसाच्या तुसाने छातीचं काय होतं, ते आधीच्या पिढीच्या डॉक्टरांनी भरपूर पाहिलं आहे. पण रोज एकाच वेळी उठणं ही जी गोष्ट निद्रातज्ज्ञ आज पहिल्या क्रमांकावर ठेवतात, ती भोंगा अख्ख्या गावाकडून करवून घेत होता. गिरण्या बंद पडल्या आणि भोंगे गप्प झाले.

त्यांची जागा घेतली नळाने. शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून सोलापूरला पाणी येतं, आणि गेली कित्येक वर्षं ते तीन, चार, कधी पाच दिवसांआड सुटत आलं आहे. कोणत्या भागात किती वाजता, हे त्या त्या गल्लीलाच ठाऊक. झोप येत नाही म्हणून आलेल्या बाईला मी एकदा मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘रोज एकाच वेळी उठत जा.’ ती म्हणाली, ‘डॉक्टर, नळाला तीनला पाणी आलं की तीनला उठायचं. तुम्ही पाण्याला सांगा की.’ चुकलं माझंच होतं. सकाळच्या सवयींवर जे काही छापून येतं, त्यात नळाला चोवीस तास पाणी गृहीत धरलेलं असतं.

ही बाई विड्या वळणारी. दिवसाला हजार विड्यांचं गणित घरात बसून पुरं करायचं, कारखान्यात माल टाकायचा, पानं आणि तंबाखू घेऊन परत यायचं. मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, हातात कात्री. पानं कापायचं काम ती सकाळी करायची, पण आतल्या खोलीत, बल्बखाली. तिला झोपेची गोळी न देता एवढंच सुचवलं की पाण्याचा दिवस सोडून द्या, बाकीच्या दिवशी सहाला उठा आणि सूप घेऊन उंबऱ्यावर बसा. वळणं आत, कापणं दारात. तीनेक आठवड्यांनी ती आली. दहाच्या पुढे डोळे उघडे राहत नाहीत, ही नवी तक्रार घेऊन.

तिच्या रक्तात हिमोग्लोबिन नऊ होतं. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. त्यामुळे यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते तिच्या गोळीत. लोहाची गोळी ती न चुकता घ्यायची, पण सकाळच्या चहाबरोबर. चहातली टॅनिन आतड्यात लोहाला धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. गोळी पोटात जायची आणि बरीचशी तशीच निघून जायची. सकाळी अंगात जीव नसतो अशी तक्रार करणाऱ्या बायकांना योगासनं सांगण्याआधी मी चहाची वेळ विचारतो. जेवणात आणि चहात तासाभराचं अंतर ठेवलं आणि गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली, तर फरक पडतो. लिंबाचा खरा उपयोग इथे आहे.

न्याहारीची चिंता सोलापुरात कुणी करू नये, असं माझं प्रांजळ मत आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ज्वारी जगभरच्या शास्त्रज्ञांना माहीत आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाण्याची इथली चाल गरिबीची म्हणून मागे पडली आणि पाकिटातली बिस्किटं आली. वास्तविक भाकरी थंड झाली की तिच्यातल्या स्टार्चचा काही भाग घट्ट होतो, लवकर पचत नाही आणि साखर एकदम चढू देत नाही. सोबत खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी. शेंगदाण्यात पाव हिस्सा प्रथिनं असतात. ओट्सचा डबा घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही. फक्त तो डबा किती रुपयांना पडतो आणि त्या पैशांत किती किलो ज्वारी येते, एवढं बघावं.

थंडीत संभाजी तलावाकाठी किंवा पार्क मैदानाच्या बाजूला सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते. तिच्यात निम्मे तरी मधुमेही असावेत, हा माझा नजरेचा अंदाज. त्यांचा ठरलेला प्रश्न: ‘रात्री नुसतं ताक पिऊन झोपलो, तरी सकाळी शुगर एकशेसाठ कशी?’ पहाटे शरीर उठण्याची तयारी करतं. कॉर्टिसॉल वाढतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागतं. निरोगी माणसाचं इन्सुलिन ती सांभाळून घेतं, मधुमेह्याचं कमी पडतं. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची अडचण उलटी. ते रिकाम्या पोटी तासभर चालले, तर साखर घसरून चक्कर येऊ शकते. खिशात साखरेचा पुडा ठेवून फिरणारे आजोबा मला म्हणूनच आवडतात.

हृदयाचंही पहाटेचं एक वेळापत्रक आहे. १९८५मध्ये अमेरिकेतल्या जेम्स मलर यांनी दाखवून दिलं की हृदयविकाराचे झटके दिवसभर सारखे विखुरलेले नसतात. सकाळी सहा ते दुपारी बारा हा त्यांचा जोराचा काळ. उठताना रक्तदाब चढतो, रक्तही जरा चिकट असतं. म्हणून साठीच्या माणसाने अंथरुणातून उठून थेट पळत सुटू नये. दहा मिनिटं बसावं, पाणी प्यावं, बीपीची गोळी ज्या वेळेला सांगितली असेल त्या वेळेला घ्यावी, आणि पहिला फेरा रमतगमत मारावा. एप्रिल-मे महिन्यांत मात्र रेंगाळायला वाव नाही. पारा त्रेचाळीसला टेकणाऱ्या गावात साडेआठनंतरचं चालणं म्हणजे नुसता घाम.

आणि ज्यांची सकाळ ही रात्र असते, त्यांचं काय? यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या रात्रपाळ्या चालतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७मध्ये आणि पुन्हा २०१९मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलं आहे. पण हे कामगाराला सांगून त्याची पाळी बदलत नाही. माझ्या एका मागवाल्या रुग्णाला बाकी सगळ्यांच्या उलट सांगावं लागलं: सकाळी घरी जाताना डोळ्यांवर काळा चष्मा, उन्हात थांबायचं नाही, टपरीवरचा चहा नको, घरी जाऊन थोडं खायचं आणि अंधारात झोपायचं. अंधार आणायचा कुठून? पत्र्याचं घर, खिडकी पूर्वेला. त्याने स्वतःच तोड काढली. रात्रभर ज्या चादरी विणतो, त्यातल्याच दोन, दोषामुळे बाजूला पडलेल्या, खिळ्यांनी खिडकीवर ठोकल्या. सोलापुरी चादर तशी जाड, ऊन आत येत नाही. आता सातला आडवा झाला की दुपारी एकपर्यंत झोपतो, असं तो सांगतो. पाण्याचा वार सोडून.