गच्चीवरचा बोरघाट

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन कामे एकाच दिवशी निघतात. खाली स्वयंपाकघरात चकलीची भाजणी दळून येते आणि वर गच्चीवरच्या खोलीत मी बोरघाट झाडायला घेतो. "लोक दिवाळीला घरातली जळमटं काढतात, आमच्याकडे बोगद्यातली काढतात," असे आमची सौभाग्यवती आल्यागेल्याला सांगते. सांगताना ती हसते; परंतु त्या हसण्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे लग्नाला तीस वर्षे होऊनही मला नीटसे उमगलेले नाही.

बोरघाट म्हणजे खरोखरीचा बोरघाट, कर्जतपासून लोणावळ्यापर्यंतचा. फक्त तो सत्त्याऐंशी पटींनी लहान आहे. छोट्या आगगाड्यांचा नाद असलेली जगभरची माणसे ज्या मापाला 'एच.ओ.' म्हणतात, ते हे माप. या मापात पुरुषभर उंचीचा माणूस दोन सेंटिमीटरचा होतो आणि आगगाडीचा डबा हाताच्या वितीएवढा. ऐकायला सोपे वाटते. पण एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावे, म्हणजे घाम फुटतो. कर्जत ते लोणावळा हे अंतर २८ किलोमीटर. त्याला ८७ ने भागले तरी सव्वातीनशे मीटर रूळ लागतो. १८६३ साली हा घाट वाहतुकीला खुला झाला, तेव्हा त्याची एकंदर चढण १८३१ फूट भरली होती. तिला ८७ ने भागले की एकवीस फूट उरतात. म्हणजे मी प्रामाणिकपणे काम केले असते, तर कर्जत गच्चीवर राहिले असते आणि लोणावळा पाण्याच्या टाकीच्याही वर हवेत लोंबकळले असते!

माझी खोली दहा फूट बाय नऊ फूट. तेव्हा तडजोड करणे भाग पडले. इंग्रज इंजिनियरांनी पंचवीस बोगदे खोदले; मी तीन खोदले. त्यांच्यापाशी ऐन कामाच्या दिवसांत चाळीस हजारांवर मजूर होते. माझ्यापाशी माझी धाकटी मुलगी होती, आणि तीही दहावीत गेल्यावर काम सोडून गेली.

हे खूळ डोक्यात शिरले त्यालाही तीच कारण. ती सात वर्षांची असताना मी तिला कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय दाखवायला नेले. १९९८ सालापासून ते लोकांना पाहायला खुले आहे. दिवे मालवले, छोट्या शहरातल्या खिडक्या उजळल्या आणि गाड्या एकमेकींना चुकवीत धावू लागल्या. मुलगी तासाभरात कंटाळून बाहेर आली. मी अजून बाहेर आलेलो नाही.

पण खरे सांगायचे तर मूळ त्याहून जुने आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, घाटातल्या इंजिनांवर आधी असिस्टंट व पुढे ड्रायव्हर होते. आम्ही कर्जतला रेल्वेच्या चाळीत राहत असू. दिवाळीत चाळीतली सारी मुले किल्ले करीत. दगड-विटा रचायच्या, पोत्याचा तुकडा चिखलात बुडवून त्यांवर पांघरायचा, आळीव पेरायचे, आणि वर सिंहासनावर महाराज, खाली मावळे. दहाव्या वर्षी मी माझ्या किल्ल्याच्या पोटातून एक बोगदा काढला आणि काड्यापेट्यांची गाडी करून त्यातून ओढू लागलो. शेजारचे आजोबा म्हणाले, "अरे, महाराजांच्या राज्यात आगगाडी कुठली?" मी म्हटले, "महाराज असते तर त्यांनी आणली असती." आजोबा निरुत्तर झाले. माझा रोख मात्र आजोबांकडे नव्हताच. तो बोगदा मला अण्णांना दाखवायचा होता.

घाटातल्या गाड्यांना दिवाळी नसते. अण्णा त्या वर्षी घरी आले ते भाऊबिजेला. तोवर लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुणीतरी माझ्या बोगद्यात सुतळी बाँब लावला होता. अण्णांनी अंगणातला मातीचा ढीग पाहिला, हातपाय धुतले आणि ते झोपले. तिथे बोगदा होता, हे मी त्यांना सांगितलेच नाही. पुढे मी मोठा झालो. मी रेल्वेत यावे अशी त्यांची इच्छा होती. मी बँकेत गेलो. तेही त्यांनी ऐकून घेतले आणि हातपाय धुतले.

ही हकीगत मध्येच का सांगितली, ते पुढे येईलच. आधी आमच्या मंडळींची ओळख करून देतो.

आम्ही सहासात जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणा एकाच्या घरी जमतो. महिन्याभरात ज्याने जे केले असेल, ते त्याने आणून दाखवायचे. कुणी अर्धा पूल आणतो, कुणी एक झाड. आमच्यात एक दंतवैद्य आहेत. ते नेरळ-माथेरान करीत आहेत आणि दातांचे साचे काढायच्या प्लॅस्टरमधून त्यांनी असे कातळ उभे केले आहेत की त्यांवर पाय घसरेल अशी भीती वाटावी. शिवाय १९०७ सालची ती गाडी दोन फुटी रुळावरची. बाजारात मिळणारा साडेसहा मिलिमीटरचा छोटा रूळ तिला जवळजवळ बसतो, याचा त्यांना वाजवीपेक्षा जास्त अभिमान आहे. चित्रकलेचे एक निवृत्त गुरुजी आहेत. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीतून ते करवंदीची जाळी करतात. कॉलेजातला एक मुलगा आहे. तो संगणकावर डबे रेखाटतो आणि यंत्रावर छापून काढतो. १ जून १९३० रोजी सुरू झालेली 'डेक्कन क्वीन' त्याला तिच्या मूळच्या वेषात करायची आहे. तिचा एक संच रुपेरी, शेंदरी पट्ट्यांचा आणि दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा होता. त्या निळ्याची नेमकी छटा कोणती, यावर आमचे तीन रविवार खर्ची पडले आहेत.

एकमेकांना शिकवायच्या गोष्टी तर किती! रुळांखालची खडी करायला वाळू चहाच्या गाळणीतून गाळावी लागते, हे मला दंतवैद्यांनी शिकवले. (आमच्या घरातल्या तीन गाळण्या कुठे गेल्या, हे माझ्या पत्नीला या लेखातूनच कळेल.) त्या वाळूवर निम्मे पाणी घातलेला डिंक सोडायचा, पण त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब हवाच. तो थेंब नसला तर डिंक आत मुरत नाही, वरच मोत्यासारखा गोळा होऊन बसतो. चहाचा चोथा वाळवला की घाटातली पावसानंतरची माती होते. पावसाळ्यात प्लायवूड फुगते आणि गाडी जिथे कधी पडली नाही तिथे पडू लागते. त्यावर मात्र कुणापाशीच औषध नाही.

आणि भांडण म्हणाल तर तेही आहे. आपला मोठा रूळ साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटरचा. परदेशातला त्याहून अरुंद, १४३५ मिलिमीटरचा. बाजारातला एच.ओ. रूळ त्या परदेशी मापावरून काढलेला असतो, म्हणून तो साडेसोळा मिलिमीटर भरतो. आपल्या गाडीला हवेत एकोणीसहून थोडे अधिक. या पावणेतीन मिलिमीटरनी आमच्यात दोन पंथ पाडले आहेत. गुरुजी म्हणतात, रूळ हाताने बसवा, पण माप सोडू नका. मी म्हणतो, आयुष्य थोडे आहे, विकत घ्या. एकदा रात्री बारा वाजेपर्यंत हा वाद चालला, तेव्हा पत्नी दिवा मालवायला आली आणि म्हणाली, "अहो, हा फरक तुम्हांला सोडून दिसतो तरी कुणाला?" तिला उत्तर द्यायला त्या वेळी कुणी नव्हते.

आई गेल्यावर अण्णा आमच्याकडे पुण्याला राहायला आले. माझा बोरघाट तेव्हा पहिल्या बोगद्यापर्यंत पोचला होता. मी त्यांना वर बोलावले. ते म्हणाले, "जन्मभर खरा घाट पाहिला. आता खेळातला काय पाहायचा?" शब्द साधे होते; पण मला त्यात बँकेची नोकरी ऐकू आली. मी पुन्हा बोलावले नाही. गच्चीचे जिने सतरा पायऱ्यांचे. सात वर्षे ते खाली पेपर वाचीत बसले आणि मी वर त्यांचाच घाट बांधीत राहिलो.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीचा रविवार आमच्याकडे होता. चिवड्याच्या बश्या भरल्या होत्या, गुरुजींनी नवी करवंदे लावली होती. कॉलेजातला मुलगा पाणी आणायला खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही. आला तो अण्णांचा हात धरून. "आजोबा घाटावर होते, आणि तुम्ही आम्हांला सांगितलंही नाहीत!" तो माझ्यावरच रागावला. जे मला सात वर्षांत जमले नाही, ते त्या पोराने दोन मिनिटांत केले होते. अण्णा दोनदा थांबत सतरा पायऱ्या चढून आले होते. त्यांना स्टूल दिले, चष्मा दिला. माझे हात कापत होते. मी वरच्या बोगद्यातून मालगाडी सोडली. पुढे ते जुने विजेचे इंजिन, घाटावरचे लोक ज्याला 'खेकडा' म्हणत ते. त्याच्या सांधलेल्या अंगाची ती वळणदार चाल मला साधली होती. गाडी दरीवरचा पूल ओलांडून, सायडिंगच्या काट्यावरून सरसर खाली आली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"थांबव," अण्णा म्हणाले.

मी वीज तोडली.

"हे काय आहे?" त्यांचे बोट माझ्या सगळ्यांत लाडक्या कोपऱ्याकडे होते. घाटात मुख्य रुळापासून फुटून डोंगरावर चढत जाणारी आणि तिथेच संपणारी एक लाइन असते. तिच्यावर मी एक जुना मालडबा उभा करून ठेवला होता. त्याच्यावर गंज चढवायला मला तीन रात्री लागल्या होत्या. सगळे त्याचेच फोटो काढीत.

"कॅच सायडिंग, अण्णा."

"मग तिच्यावर डबा कुणी ठेवला?"

"शोभेला."

"शोभेला! वरून ब्रेक गेलेली गाडी आली, तर ती जाणार कुठं? तुझ्या शोभेवर?"

खोलीत कुणी हलले नाही. मी डबा उचलून खिशात घातला. मग अण्णा सांगू लागले. सदतीस फुटांना एक फूट उतार. अशा उतारावर गाडी पळू लागली की माणसाच्या हातात काही राहत नाही. म्हणून काटा नेहमी सायडिंगकडेच वळवून ठेवायचा. पळालेली गाडी आपोआप त्या चढणीवर जाते आणि तिचा वेग मरतो. शहाण्या गाडीने काट्याअलीकडे उभे राहायचे. "उभी राहिली म्हणजे कळलं, की ती आपल्या ताब्यात आहे. मगच काटा खालच्या लाइनीला लागायचा. तोवर नाही. घरी दिवाळी असो, काही असो."

मग ते वाकून पाहू लागले. खेकड्याच्या खिडकीत मी दोन सेंटिमीटरचा एक माणूस बसवला होता. "हा बसलाय होय? मला तरी घाट उतरताना कधी बसवलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या तारेत पंधराशे व्होल्ट होते, डी.सी. तुझ्या रुळात किती?" मी म्हटले, "बारा. पण डी.सी.च." ते प्रथमच हसले. आणि उठता उठता म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे. रूळ तेवढे जवळ आलेत." गुरुजींनी माझ्याकडे असे पाहिले की ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

मंडळी गेल्यावर अण्णा तिथेच बसून राहिले. "हे कुठं शिकलास?" त्यांनी विचारले. मी किल्ल्याची हकीगत सांगितली, पन्नास वर्षे जुनी. ते म्हणाले, "ठाऊक आहे मला. त्या मातीत काड्यापेट्या सापडल्या होत्या. चाकं लावलेल्या."

"मग बोलला नाहीत तुम्ही?"

"पडलेल्या बोगद्याबद्दल काय बोलायचं?" ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा एकदा गाडी सोडायला सांगितली.

त्या दिवसापासून आमच्या घाटात प्रत्येक उतरणारी गाडी काट्याअलीकडे उभी राहते. लहान मुले पाहायला आली की कंटाळतात. "काका, बिघडली का?" असे विचारतात. ती रिकामी सायडिंग पाहून नवखे पाहुणे म्हणतात, "इथं काहीतरी ठेवा ना, मोकळं दिसतं." मी मान हलवतो. खेकड्यातला माणूस आता उभा आहे. हाताने बसवलेल्या एकोणीस मिलिमीटरच्या रुळाचा पहिला हातभर तुकडाही यंदा तयार झाला आहे. 'हे सगळं पूर्ण कधी होणार?' असे कुणी विचारले तर गुरुजी परस्पर उत्तर देतात, 'खरा तरी कुठं झाला? तिथंही काम चालूच असतं.'

अण्णा आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. यंदा गुडघ्यांनी सतरा पायऱ्यांना साफ नकार दिला. काल बोगदे झाडून झाल्यावर मी गाडी सोडून पाहत होतो. गच्चीचे दार उघडे होते. जिन्याखालून आवाज आला, "थांबली का रे?"

मी काट्यावरचा हात मागे घेतला. गाडी उभी राहू दिली.

"थांबली, अण्णा."

"मग सोड."